उत्तरकाशीला जाताय? एका रात्रीत उरकू नका

उत्तराखंडातल्या चारधामच्या कुठल्याही टूरचा कागद काढून बघा, उत्तरकाशीच्या वाट्याला एकच रात्र असते. अंधार पडता पडता बस लागते, जेवण, झोप, आणि पहाटे चहा पुढ्यात येईस्तोवर बॅगा टपावर चढलेल्या असतात, गाडी निघाली गंगोत्रीला. ट्रेकवाल्यांचं तर त्याहून वाईट, ते देहरादूनहून थेट बेसच्या गावात जाऊन झोपतात, त्यांच्यासाठी उत्तरकाशी म्हणजे गाडी डिझेल भरायला थांबते ती जागा. मला दोघांनाही हेच सांगायचंय की इथे तळ टाका, कमीत कमी दोन रात्री, आणि मग हळूहळू वर जा. या खोऱ्यात यात्रा आणि ट्रेक असे दोन वेगळे रस्ते नाहीतच, ज्या पायवाटेने साधू गोमुखला, म्हणजे गंगेच्या उगमाला जातात त्याच वाटेने शिवलिंग शिखरावर जाणारे गिर्यारोहकही जातात. आईबाबांना देवदर्शन आणि पोरांना डोंगर असं एकाच सुट्टीत बसवायचं असेल तर मला तरी यापेक्षा चांगली जागा माहीत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते. ज्याची माहिती जास्त लागते तिथे जास्त लिहिलंय, बाकी पटकन.

१. आधी महिना ठरवा, तिकीट नंतर

गंगोत्रीचं मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि दिवाळीत अन्नकूटाच्या दिवशी, म्हणजे आपल्या पाडव्याच्या दिवशी बंद होतं. तेव्हा देवीची उत्सवमूर्ती पालखीतून खाली मुखबा गावात येते आणि हिवाळाभर तिथेच असते. म्हणजे दर्शन हवं असेल तर मे ते ऑक्टोबर हाच काळ, पण यातला प्रत्येक महिना सारखा नाही.

मे-जून हा आपल्या शाळांच्या सुट्ट्यांचा काळ, आणि तोच सगळ्या देशाच्याही सुट्ट्यांचा. हवा छान, पण गर्दी प्रचंड, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा आणि हॉटेलचे भाव चढलेले. जुलै-ऑगस्टला जाऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते. सह्याद्रीत पावसात फिरायची आपल्याला सवय असते आणि वाटतं की पाऊसच तर आहे, पण तिथला डोंगर कच्चा आहे, पावसात दरडी येतात, रस्ता तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस बंद राहतो. त्यात उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि तेव्हा कावड यात्रा असते, गंगोत्री-गोमुखहून पाणी भरून चालत निघालेले हजारो कावडिये रस्त्यावर असतात, ऋषिकेश-हरिद्वारपर्यंत गाडी हलत नाही.

५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. गंगोत्रीच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवरचं ते गाव, खीरगंगा नावाच्या ओढ्यातून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि काही क्षणांत सगळा बाजार गाडला गेला. यात्रेकरू जिथे जेवायला थांबायचे ती हॉटेलं, घरं, सफरचंदाच्या बागा, सगळं. माणसं गेली. त्यामुळे पावसाळ्यात "स्वस्त मिळतंय" म्हणून बुकिंग करू नका, हात जोडून सांगते.

सगळ्यात चांगला काळ म्हणजे सप्टेंबर अखेर ते दिवाळी. पाऊस धुवून गेलेला असतो, आकाश स्वच्छ, शिखरं दिवसभर दिसतात, गर्दी कमी. थंडी वाढते, ऑक्टोबरच्या शेवटी गंगोत्रीत रात्री पारा शून्याच्या खाली जातो, पण गरम कपडे असले की चालतं. आणि ज्यांना बर्फात चालायचंय त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत यावं, गंगोत्री बंद असते पण उत्तरकाशी चालू असतं, मकरसंक्रांतीला गावात माघ मेळा भरतो, आसपासच्या गावांतून देवांच्या डोल्या ढोल वाजवत येतात आणि भागीरथीत, म्हणजे इथल्या गंगेत स्नान होतं. मुखब्यात देवीचं हिवाळी दर्शनही होतं, तेही अजिबात गर्दी नसताना.

२. पोचायचं कसं

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस आणि वांद्र्याहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत पण सगळ्याच रोज नाहीत, त्यामुळे वार बघून सुट्टी टाका. नाहीतर दिल्लीपर्यंत यायचं आणि तिथून शताब्दी किंवा वंदे भारतने हरिद्वार नाहीतर देहरादून. विमानाने यायचं तर देहरादूनचं जॉली ग्रांट विमानतळ, ते ऋषिकेशला जास्त जवळ आहे.

पुढे दोन रस्ते. एक ऋषिकेश-चंबा-धरासू-उत्तरकाशी, साधारण १६०-१७० किलोमीटर, चंब्याच्या पुढे टिहरी धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. दुसरा देहरादूनहून मसुरी-सुवाखोलीमार्गे, तो थोडा जवळचा पण वळणं फार, ज्यांना गाडी लागते त्यांनी पहिलाच घ्यावा आणि निघायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी. कुठूनही आलात तरी सहा-सात तास धरून चला. आपण एक्सप्रेसवेच्या हिशोबाने दीडशे किलोमीटर म्हणजे अडीच तास असं डोक्यात धरतो, डोंगरात तो हिशोब सोडून द्यायचा.

बस आणि शेअर जीप दोन्ही मिळतात, पण बहुतेक सगळ्या पहाटे आणि सकाळी सुटतात, दुपारी बारानंतर स्टँडवर गेलात तर हात हलवत परत येणार. म्हणून पहिल्या रात्रीचा मुक्काम ऋषिकेश किंवा देहरादूनलाच करा, ट्रेनमधून उतरून लगेच डोंगरात शिरायचा हट्ट नको. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तरी अंधार पडायच्या आत पोचायचं, यात्रेच्या काळात पोलिस रात्री गाड्या वर सोडतही नाहीत. ड्रायव्हर शक्यतो डोंगरातला घ्या, मैदानातला ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी या रस्त्यांचं त्याला माहीत नसतं, समोरून वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे पहाडी ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.

३. नोंदणी आणि परमिट, हे घरूनच

चारधाम यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, उत्तराखंड पर्यटन विभागाच्या पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर होते, फुकट आहे. आधार आणि मोबाईल नंबर लागतो, क्यूआर कोडवालं पत्र येतं, त्याची प्रिंट काढून ठेवा आणि फोनमध्ये स्क्रीनशॉटही ठेवा कारण वर नेट असेलच असं नाही. फक्त गंगोत्रीला जाणार असाल तरी नोंदणी लागते. कुणी एजंट पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

गोमुखचं परमिट हे वेगळं, ते गंगोत्री नॅशनल पार्कचं असतं. दिवसाला फक्त १५० लोकांना सोडतात, भारतीयांना दोन दिवसांचे १५० रुपये असा दर राहिलेला आहे. ऑनलाइन मिळतं, आणि उत्तरकाशीत कोटबंगल्याला वन विभागाचं ऑफिस आहे तिथेही. मे-जूनमध्ये कोटा भरतो म्हणून आधी काढा, ऑक्टोबरमध्ये एवढी मारामारी नसते. गोमुखच्याही वरच्या तपोवनला जायचं तर त्याची परवानगी अजून वेगळी आणि नोंदणीकृत एजन्सी व गाइडसोबतच, पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्याने तपोवनच्या मागे लागूच नये.

४. उत्तरकाशीतला पहिला दिवस

आता मुद्द्याची गोष्ट. उत्तरकाशीची उंची ११५८ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. गंगोत्री ३१०० मीटरच्या आसपास. खालून आलेला माणूस एकाच दिवसात तेवढा वर चढला की डोकं धरतं, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही, आणि मग "गंगोत्रीत ऑक्सिजनच नाही हो" असं परत येऊन सांगतो. खाली दोन रात्री, मग वाटेतल्या हर्षिलला एक रात्र, मग गंगोत्री असं केलं तर बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. दोन रात्री थांबा म्हणते त्याचं एक कारण हे, प्रवासाने आंबलेलं शरीर आधी इथे सावरतं.

आणि दुसरं कारण गाव. जुनं नाव बाडाहाट. वरुणा आणि असी या दोन नद्यांच्या मधली ही काशी, मागे वरुणावत पर्वत, समोर भागीरथी, घाटाचं नावही मणिकर्णिका. सकाळी लवकर विश्वनाथ मंदिरात जा, सातच्या आत गेलात तर गाभाऱ्यात निवांत बसता येतं. शिवलिंग किंचित दक्षिणेकडे झुकलेलं आहे. आजचं मंदिर १८५७ मध्ये टिहरीचे राजे सुदर्शन शाह यांच्या राणी खनेटी यांनी बांधून घेतलं. समोरच शक्तीचं मंदिर आहे, त्यात एक प्रचंड उंच त्रिशूळ उभा आहे, त्यावर जुना लेख कोरलाय. सगळा जोर लावला तर हलत नाही आणि एका बोटाने हलतो असं तिथे सांगतात. मी तर म्हणते हा त्रिशूळ बघायला म्हणून तरी थांबा, टूरच्या बसमधल्या बहुतेकांना तो आहे हेच कळत नाही.

दुपारी नेहरू गिर्यारोहण संस्था, सगळे तिला निम म्हणतात. १९६५ ला सुरू झाली. एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल या उत्तरकाशी जिल्ह्यातल्याच, नाकुरी गावच्या, आणि त्यांचं प्रशिक्षण निममध्येच झालं. संस्थेत म्युझियम आहे, जुनी उपकरणं, शिखरांची मॉडेल्स, ट्रेकला जायच्या आधी बघितलं तर वर गेल्यावर कुठलं शिखर कुठलं ते ओळखू येतं. सोबत कॉलेजची मुलं असतील तर त्यांना नक्की न्या, इथला २८ दिवसांचा बेसिक कोर्स म्हणजे ज्याला डोंगरात पुढे काही करायचंय त्याच्यासाठी पाया आहे, जागा खूप आधी भरतात म्हणून चौकशी आधीच करा.

संध्याकाळी घाटावर आरती. हरिद्वारसारखा मोठा थाट नसतो, गावातलेच लोक असतात, म्हणून जास्त आवडते. पाण्यात उतरू नका मात्र. भागीरथी दिसते त्यापेक्षा खूप ओढीची आहे, वर मनेरीला धरण आहे आणि पाणी सोडलं की पातळी अचानक वाढते, भोंगा वाजतो पण नवख्या माणसाला तो कशाचा ते समजत नाही. साखळी असलेल्या ठिकाणी, पायरीवर बसून, लोट्याने अंघोळ करायची, बस.

राहायला बाजारात आणि नदीपलीकडे जोशियाड्याला भरपूर हॉटेलं आहेत, गढवाल मंडळाचं पर्यटक निवास आहे, उजेली भागात आश्रम आणि धर्मशाळा आहेत. खोली निवडताना एक बघा, अगदी नदीला चिकटलेली इमारत घेऊ नका, विशेषतः जून ते सप्टेंबर. २०१२ ला असीगंगेला आणि २०१३ ला भागीरथीला पूर आला तेव्हा काठावरच्या इमारती पाण्यात गेल्या होत्या. नदीचा आवाज दोन गल्ल्या मागेही येतोच.

निघायच्या आधी या गावातच तीन कामं करून घ्या, एटीएममधून पैसे, गाडीची टाकी फुल, आणि औषधं. वर हर्षिल-गंगोत्रीत यातल्या कशाचाच भरवसा धरू नका. यूपीआय चालतं पण नेट गेलं की दुकानदारही काही करू शकत नाही, सुट्टे पैसे जवळ ठेवा. फोनला बीएसएनएल किंवा जिओ असेल तर बरं, आणि प्रीपेड सिम इथे चालतं, काश्मीरसारखी अडचण नाही.

५. ट्रेक कुठला

तीन सांगते, सोप्यापासून.

दयारा बुग्याल. बुग्याल म्हणजे झाडांची रेषा संपते तिथून वर पसरलेलं गवताचं माळरान. उंची साधारण ३४०० मीटर. रैथल किंवा बारसू गावापर्यंत गाडी जाते, उत्तरकाशीहून चाळीसेक किलोमीटर, तिथून आठ-नऊ किलोमीटरची चाल, ओक आणि बुरांसच्या म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलातून. सह्याद्रीत नियमित चालणाऱ्याला अजिबात जड नाही, दहा वर्षांच्या मुलालाही जमतो, आणि वर पोचल्यावर बंदरपूंछ, काळानाग, श्रीकंठ ही शिखरं समोर एका ओळीत. आयुष्यातला पहिला हिमालयीन ट्रेक म्हणून मी कुणालाही हाच सांगेन. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर रात्री राहायला बंदी घातली, म्हणून तंबू खाली गोई किंवा चिलापडाला जंगलाच्या कडेला लागतात आणि वर दिवसा जाऊन यायचं. कुणी एजन्सी "वर माळावरच कॅम्प देतो" म्हणाली तर ती एजन्सी सोडून द्या. त्या गवताखालची माती तयार व्हायला किती काळ लागतो ते एकदा वाकून हात लावून बघा, मग हा नियम का केला ते कळेल. ऑगस्टच्या मध्यात, भाद्रपद संक्रांतीला रैथलचे लोक तिथे अंढूडी उत्सव करतात, गुरं वर चरायला नेलेली असतात, त्यांच्या दुधा-ताकाचे आभार म्हणून एकमेकांवर ताक-लोणी उडवतात, पण तो पावसाळा आहे, रस्त्याची खात्री असेल तरच.

डोडीताल. हा आपल्या मराठी माणसाने करायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, कारण तिथले लोक याला गणपतीचं जन्मस्थान मानतात. उत्तरकाशीहून गंगोरीला, जिथे असीगंगा भागीरथीला मिळते, तिथून आत संगमचट्टीपर्यंत गाडी, मग अगोडा गाव, तिथे मुक्काम, मग बेवरा-मांझी करत तळं. जायचे एकवीस-बावीस किलोमीटर, म्हणून निवांत चार दिवस ठेवा. तळं तीन हजार मीटरच्या वर, चारी बाजूंनी देवदार, पाणी इतकं नितळ की ट्राउट मासे काठावरून दिसतात, आणि बाजूला गणपतीचं छोटं देऊळ. आपल्याकडच्या देवळांची सवय असलेल्यांना ते फार साधं वाटेल. बसा तिथे, अथर्वशीर्ष येत असेल तर म्हणा. चढ अंगावर येणारा नाही पण लांब आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून. तळ्याच्या वर दरवा खिंड आहे, पहिल्या वेळी तिथपर्यंत जायलाच हवं असं काही नाही.

गोमुख. गंगोत्रीहून १८ किलोमीटर, उंची चार हजार मीटरला टेकणारी. पहिल्या दोन किलोमीटरवर कनखू चेकपोस्ट, तिथे परमिट बघतात आणि तुमच्याकडचं प्लास्टिक मोजून लिहून घेतात, येताना तेवढंच दाखवावं लागतं. ९ किलोमीटरवर चीडबासा, १४ वर भोजबासा, मुक्काम भोजबासाला, पर्यटक निवास आणि लालबाबांचा आश्रम आहे, बिछाना साधा, जेवण खिचडी किंवा डाळ-भात, आणि त्या थंडीत ते अमृतासारखं लागतं. चीडबासा ते भोजबासा मध्ये एक पट्टा आहे जिथे वरून दगड सुटतात, वारा दुपारी वाढतो आणि दगडही, म्हणून तो भाग सकाळीच ओलांडायचा, मध्ये फोटोला थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, वर बघत चालायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे चार किलोमीटर चालून गोमुख, समोर भागीरथी शिखरं आणि शिवलिंग, ६५४३ मीटर. हिमनदीच्या तोंडाशी जाऊ नका. बर्फाचे मोठे तुकडे न सांगता सुटतात, पाणी भरायचं तर लांबूनच, प्रवाहाच्या कडेला भरा, गंगा तीच आहे.

भोजबासा नाव भूर्जाच्या झाडांवरून पडलं आणि तिथे आता ती झाडं जवळपास नाहीत, यात्रेकरूंच्या चुलीत गेली. अर्जुन पुरस्कार मिळालेल्या गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी वर्षानुवर्षं खपून तिथे भूर्जाची रोपं लावली. चालताना कुंपणातली रोपं दिसली तर ती कुणाची मेहनत आहे ते लक्षात ठेवा.

६. गंगोत्रीचा रस्ता, घाईने काटू नका

उत्तरकाशी-गंगोत्री जवळजवळ शंभर किलोमीटर. सकाळी सहाला निघा. वाटेत गंगनानीला गरम पाण्याचं कुंड, बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं, वृद्धांना फार बरं वाटतं पण दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसू नका, चक्कर येते. पुढे सुक्खी टॉपचा चढ, आणि तो उतरलं की दरी एकदम रुंद होते, देवदार, पांढरी वाळू, सफरचंदाच्या बागा, हे हर्षिल. इथे रात्र काढाच. पलीकडे बगोरी गाव चालत बघा, लाकडी घरं, तिथले ‘जाड’ नावाच्या भोटिया जमातीचे लोक मूळचे नेलांग-जाडुंगचे, १९६२ च्या युद्धात सीमेवरची गावं रिकामी केली तेव्हा इथे आले. बायका लोकर कातत बसलेल्या असतात, मोजे-टोप्या त्यांच्याकडूनच घ्या. हर्षिलचा राजमा प्रसिद्ध आहे, घरी आणायचा असेल तर तो आणा.

भैरोंघाटीच्या अलीकडे लंका पुलापासून गरतांग गली बघता येते, उभ्या कड्यात खोदून बसवलेला लाकडी जिना, तिबेटशी व्यापार चालायचा त्या काळचा, बरीच दशकं बंद होता आणि २०२१ ला दुरुस्त करून उघडला. दोन-अडीच तासांचं काम, उंचीची भीती असेल त्यांनी पुलावरच थांबावं.

गंगोत्रीत गाडी थांबते तिथून बाजारातून सपाट चालत देऊळ, आईबाबांना काही अवघड नाही. गोरखा सेनापती अमरसिंह थापा यांनी बांधलेलं हे देऊळ, पूजा मुखब्याचे सेमवाल ब्राह्मण करतात. शेजारी भगीरथ शिला, तिथे पिंडदान वगैरे होतं, दक्षिणा आधी बोलून घ्या म्हणजे नंतर मन खट्टू होत नाही. थोडं खाली सूर्यकुंड, भागीरथी ज्या जोराने खडकातून कोसळते ते बघायला रेलिंगच्या आतून. पाणी कावडीने रामेश्वराला न्यायची जुनी रीत, एकनाथांच्या गोष्टीतून आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली, ते गंगाजल इथून भरायचं तर तांब्याचा लहान कलश घ्या, पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन नकोत, या नदीकाठी प्लास्टिकची काय अवस्था आहे ते तिथे गेल्यावर दिसेलच.

७. तब्येत आणि सामान

डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणं, रात्री दम लागणं, यातलं काही सुरू झालं आणि विश्रांतीने कमी होत नसेल तर उपाय एकच, खाली उतरायचं, त्याच दिवशी, रात्र असली तरी सोबत घेऊन. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा, बीपी-शुगर-हृदयाचं काही असेल तर नक्कीच. भरपूर पाणी, दारू अजिबात नाही.

जून २०२४ मध्ये याच जिल्ह्यात सहस्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकातले नऊ ट्रेकर खराब हवेत अडकून मरण पावले. जूनचा महिना होता. अनुभव असलेली माणसंही त्यात होती. त्यामुळे हवा बिघडली आणि गाइड म्हणाला मागे फिरायचं तर वाद घालायचा नाही, "एवढे पैसे भरलेत" हे वाक्य डोंगरात काढायचं नाही.

सामान कमी पण नेमकं. थरांचे कपडे, आतून थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही. बूट घरून वापरून मऊ केलेले. कानटोपी, दोन जोड हातमोजे, गॉगल, टॉर्च, काठी, पोंचो, सनस्क्रीन. पॉवरबँक जास्तीची, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री फोन झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा. चिक्की, खजूर, गुळपोळी असं घरचं सोबत असलं की वाटेवर जीव येतो.

खाण्याचं म्हणाल तर ढाब्यावर पराठा आणि राजमा-भात सगळीकडे मिळतो, पण गावात होमस्टेला राहिलात तर मंडुव्याची म्हणजे नाचणीची रोटी, गहत म्हणजे कुळथाची डाळ, झंगोऱ्याची खीर मागून खा, आदल्या रात्री सांगावं लागतं. गंगोत्रीत मांसाहार आणि दारू नाही. ड्रायव्हरला, गाइडला "भैजी" आणि घरच्या बाईला "दीदी" म्हणा, आपलं हिंदी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, आवाज चढवून बोललेलं मात्र तिथे कुणाला आवडत नाही. पोर्टर घेतलात तर त्याच्या जेवणाची आणि रात्री झोपायची सोय काय आहे हे तुम्ही स्वतः विचारा, एजन्सीवर सोडू नका.

८. दिवस कसे बसवायचे

दर्शन आणि दयारा दोन्ही करायचं तर देहरादून ते देहरादून नऊ दिवस लागतात. पहिला दिवस उत्तरकाशीला पोचणं, दुसरा गाव, तिसरा रैथल, चौथा गोई, पाचवा माळ बघून खाली, सहावा हर्षिल, सातवा गंगोत्री करून मुक्काम तिथेच किंवा परत हर्षिलला, आठवा उत्तरकाशी, नववा देहरादून. गोमुख जोडायचं तर अजून दोन दिवस. घरात कुणाला चालणं जमत नसेल तर त्यांनी दयाराच्या दिवसांत उत्तरकाशीतच राहावं, रोज मंदिर, घाट, बाजार, त्यांचेही दिवस छान जातात आणि वर जायच्या आधी अंगात ताकद येते.

याच्यावर एक जास्तीचा दिवस मोकळा ठेवा, रस्ता बंद झाला तर तो लागतोच, आणि नाही लागला तर ऋषिकेशला घालवा. परतीची ट्रेन किंवा विमान डोंगर उतरायच्या दिवशीच संध्याकाळचं अजिबात काढू नका, दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं काढा. निघायच्या सकाळी उत्तरकाशी पोलिसांचं किंवा जिल्हा प्रशासनाचं सोशल मीडियावरचं पान उघडून धरासूपर्यंतचा रस्ता चालू आहे का ते बघा, नेट नसेल तर हॉटेलवाल्याला विचारा, पहाटेच्या बसवाल्यांकडून त्याला आधीच कळलेलं असतं.